टुरिस्ट व्हिसा नाकारला, परत अर्ज करताना नेमकं काय बदलायचं?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, वैतागून लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. मी आणि नवरा दोघांनी शेंगेन टुरिस्ट व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) फ्रान्सकडे अर्ज केला होता, काल पासपोर्ट परत आले आणि दोघांचाही रिफ्युज. सोबत एक छापील कागद, त्यावर कारणांची ही मोठी यादी आणि त्यातल्या दोन चौकोनांत फुल्या. एक म्हणजे मुक्कामाचा उद्देश आणि बाकी तपशील याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. दुसरं म्हणजे व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे. बस, एवढंच. कुठला कागद खटकला, काय कमी पडलं, काहीच लिहिलेलं नाही.

नवरा बरीच वर्षं एकाच कंपनीत आहे, त्याचं रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न सगळं जोडलं होतं. मी फ्रीलान्स डिझाईनची कामं करते, मला पगाराची स्लिप नसते म्हणून माझं बँक स्टेटमेंट लावलं, आणि खात्यात रक्कम कमी दिसू नये म्हणून अर्जाच्या आधीच्या आठवड्यात सासऱ्यांनी माझ्या खात्यात पैसे टाकले होते. तिकिटं आणि हॉटेलं एजंटने बुक करून दिली, दिवसवार प्लॅनही त्यांनीच टाईप केला. अपॉइंटमेंट लवकर मिळत होती म्हणून फ्रान्स.

आता एजंट म्हणतो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशाकडे टाकू, पहिल्या नकाराचं कुठे बोलायचं नाही. कोणी म्हणतं सहा महिने थांबा, कोणी म्हणतं अपील करा. नवरा तर म्हणतोय आता पासपोर्टवर कायमचा डाग लागला, पुढे कुठलाच देश व्हिसा देणार नाही. प्लीज कोणी यातून गेलं असेल तर सांगा, खरंच काही सुचत नाहीये.

खिडकीची_सीट:
ताई, आधी नवऱ्याला सांगा की असं काही नसतं. शेंगेनचा जो व्हिसा कोड आहे, २००९ चा ८१० नंबरचा नियम, त्यात कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आधी नकार मिळाला म्हणून नवा अर्ज आपोआप नाकारता येणार नाही, तो उपलब्ध असलेल्या सगळ्या माहितीवर तपासायचा. आता यातला 'सगळ्या माहितीवर' हा भाग नीट वाचा. कारण तुमचा हा नकार व्हीआयएस नावाच्या त्यांच्या सामाईक सिस्टीममध्ये गेलेला आहे आणि तिथे तो ५ वर्षांपर्यंत राहतो. म्हणजे तुम्ही उद्या इटलीकडे गेलात काय नि नेदरलँड्सकडे गेलात काय, समोरच्या अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर फ्रान्सने कधी आणि कशासाठी नाही म्हटलं ते दिसणारच. त्यामुळे 'बोलायचं नाही' हा एजंटचा सल्ला मुळातच फुकट आहे. शेंगेनच्या फॉर्मवर पूर्वीच्या नकाराचा वेगळा प्रश्न नाही हे खरं, पण सहीच्या वरचा बारीक मजकूर वाचलात तर निर्णयाची माहिती सिस्टीममध्ये साठवली जाईल हे मान्य करूनच तुम्ही सही केलेली आहे.

दुसरी गोष्ट, सहा महिने थांबायचा नियम कुठेही नाही. लगेच करता येतो अर्ज. पण तीच फाईल परत दिली तर उत्तरही तेच येणार, आणि आता फी माणशी ९० युरो आहे (जून २०२४ पासून वाढली), ती परत मिळत नाही. तेव्हा तारखेचा विचार नंतर करा. आधी तो प्लॅन उघडा आणि कुठल्या देशात किती रात्री लिहिल्यात ते इथे टाका. पहिली फुली त्याच्याशीच संबंधित असणार असं मला वाटतंय.

पाऊलवाट:
खूप आभार, नवऱ्याला वाचून दाखवलं, जरा शांत झालाय. प्लॅन असा आहे, आधी पॅरिस, मग ट्रेनने स्वित्झर्लंडला इंटरलाकेन आणि ल्युसर्न, मग ॲमस्टरडॅम आणि तिथून परत. रात्री मोजल्या तर स्वित्झर्लंडच्या पॅरिसपेक्षा एकने जास्त आहेत. ॲमस्टरडॅम अगदी थोडं. उतरणार पॅरिसलाच होतो त्यामुळे फ्रान्स चालेल असं एजंट म्हणाले होते.

नकाशाघडी:
हे घ्या, सापडलं! जिथे आधी उतरता त्या देशाकडे अर्ज करायचा हा गैरसमज इतका पसरलाय की विचारू नका. नियम असा आहे की जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार किंवा जो प्रवासाचा मुख्य उद्देश आहे त्या देशाकडे अर्ज. मुख्य देश ठरवताच येत नसेल, दिवस सारखे असतील, तरच पहिला प्रवेश बघायचा. तुमच्या कागदावर सगळ्यात जास्त मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये आणि अर्ज फ्रान्सकडे, मग फ्रान्सच्या अधिकाऱ्याने काय समजायचं? की यांना जायचंय दुसरीकडेच, आमच्याकडे अपॉइंटमेंट मिळाली म्हणून आलेत. एका रात्रीचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो पण तिकडे बसलेला माणूस ना तुम्हाला भेटलेला असतो ना तुमच्याशी बोललेला, त्याच्यासमोर फक्त कागद असतात आणि कागद एकमेकांशी जुळत नसतील तर तो 'विश्वासार्ह नाही' याच चौकोनात फुली मारणार. हेच एकमेव कारण होतं असा दावा मी करत नाही, पण पहिलं दुरुस्त करायचं ते हे.

आणखी एक करा, अगदी आजच. प्लॅनमधल्या प्रत्येक हॉटेलला बुकिंग नंबर देऊन ईमेल करा आणि विचारा की हे बुकिंग तुमच्याकडे आहे का. एजंट लोक बऱ्याचदा फुकटात रद्द होणारं बुकिंग करतात, प्रिंट काढतात, फाईल जमा झाली की रद्द करून टाकतात. दूतावासाने फोन करून विचारलं तर हॉटेल सांगतं की या नावाने काही नाही.

दूरदेशी:
मी शेंगेनचं नाही, अमेरिकेचं सांगते कारण 'परत जाल याची शंका' ही फुली म्हणजे तिकडच्या २१४(बी) चीच बहीण आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं ते कलम, त्यात गृहीतच असं धरलंय की येणारा प्रत्येक जण कायमचा राहायला येतोय, आणि तसं नाही हे अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. तिथे अपील नाही, किती दिवस थांबा असंही नाही. नवा डीएस-१६० (तिकडच्या व्हिसाचा ऑनलाईन फॉर्म) भरायचा, परत फी, परत मुलाखत. (२२१(जी) ची चिठ्ठी मिळाली तर ते वेगळं प्रकरण. तिथे कागद मागितलेले असतात किंवा तपासणी बाकी असते, ते दिल्यावर तीच केस पुढे सरकू शकते. दोन्हीची गल्लत करू नका.)

माझ्या आईवडिलांना पहिल्यांदा नाकारला. आईने खिडकीत काय झालं ते मला शब्दन् शब्द सांगितलं होतं. कशाला जाताय, मुलीकडे. किती दिवस, सहा महिने. इकडे मागे कोण आहे, तर आई म्हणाली कोणी नाही, मुलं सगळी तिकडेच. संपलं. पासपोर्ट आणि चिठ्ठी काचेखालून परत, बाबांनी धरलेली फाईल उघडलीसुद्धा नाही. आता खरं काय होतं? आजी घरात अंथरुणाला खिळलेली, तिची सगळी देखभाल आईच बघते, आणि आई फार दिवस आजीला सोडून राहूच शकत नव्हती. सहा महिने हा आकडा तिने कुठेतरी ऐकलेला, तेवढं राहता येतं म्हणून तेवढं सांगितलं. म्हणजे तिचं आयुष्य इकडे बांधलेलं होतं आणि नेमकी तीच गोष्ट तिने सांगितली नाही, कारण कोणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं.

पुढच्या वेळी आम्ही काहीही पाठ करून घेतलं नाही. फक्त खरंखुरं ठरवलं की किती आठवडे जायचं, तेवढ्यात आजीकडे कोण राहणार, परत कधी यायचं, आणि तेच डीएस-१६० मध्ये भरलं. मागे नकार मिळालाय का या प्रश्नाला हो लिहिलं आणि कारण दिलं. मिळाला व्हिसा. दरवेळी मिळतोच असं मी म्हणणार नाही, पण आता खिडकीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला आईकडे तिचं स्वतःचं उत्तर होतं.

निवांत_प्रवासी:
थोडं वेगळं मत. माझ्या ओळखीत एकांनी नवीन पासपोर्ट काढला, जुना नंबर कुठे टाकलाच नाही आणि काम झालं. आणि ज्या फॉर्मवर पूर्वीच्या नकाराचं विचारतात तिथे 'नाही' लिहिलं तरी कोण बघतंय एवढं. उगाच स्वतःहून हो लिहून त्यांच्या हातात कारण का द्यायचं?

खिडकीची_सीट:
निवांत, राग मानू नका पण हा सल्ला कोणी खरंच मानला तर त्या माणसाचं फार मोठं नुकसान होईल, म्हणून स्पष्ट लिहितो. पासपोर्ट बदलला तरी बोटांचे ठसे बदलत नाहीत. शेंगेनमध्ये एकदा घेतलेले ठसे ५९ महिने परत वापरतात. आणि ब्रिटन किंवा कॅनडाच्या फॉर्मवर 'कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारला का' असं सरळ विचारतात. तिथे खोटं लिहिलेलं सापडलं की विषय साध्या नकारावर थांबत नाही. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, कॅनडात ५ वर्षं, आणि अमेरिकेत खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न केल्याचा ठपका बसला तर तो कायमचा, तो काही आपोआप उतरत नाही. साधा नकार म्हणजे आज या कागदांवर पटलं नाही इतकंच, उद्या पटू शकतं. खोटेपणाचा ठपका बसल्यावर मात्र खरे कागद दिले तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार?

पाऊलवाट, पुढे कधी ब्रिटनचा फॉर्म भरलात तर तिथे या फ्रान्सच्या नकाराला न घाबरता हो लिहा, तारीख लिहा, दोन ओळीत कारण लिहा. नकाराचा कागद जपून ठेवा, फाडून टाकू नका.

पाऊलवाट:
नाही नाही, खोटं काही लिहायचं नाहीये आम्हाला. निवांत, तुम्ही मदत म्हणून लिहिलंत हे कळतंय, पण असं काही केलं तर मला झोप लागणार नाही.

आणि नकाशाघडी, तुम्ही म्हणालात तसं हॉटेलांना ईमेल केलं. दोघांचं उत्तर आलंय आणि दोघांनीही सांगितलं की बुकिंग रद्द झालंय, इंटरलाकेनवाल्यांनी तारीखपण कळवली, फाईल जमा केल्याच्या दुसऱ्याच दिवशीची. मला खरंच रडू आलं वाचून. आम्हाला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. एजंटला फोन केला तर म्हणे सगळे असंच करतात. आता त्यांच्याकडून काहीही करून घ्यायचं नाही हे दोघांनी ठरवलं.

मग आता अपील करायचं की नवा अर्ज? आणि माझ्या खात्यातल्या त्या पैशांचं काय?

उंबरठा:
अपीलचं मी सांगतो, घरातल्याच एका केसमध्ये हे सगळं वाचून काढलं होतं. शेंगेनमध्ये नकाराविरुद्ध अपिलाचा हक्क आहे, ज्या देशाने नाकारलं त्याच देशाच्या कायद्याप्रमाणे ते करायचं, आणि कसं व किती दिवसांत ते नकाराच्या कागदावरच लिहिलेलं असतं. फ्रान्सचं म्हणाल तर निर्णय कळल्यापासून ३० दिवसांत नान्त शहरातल्या त्यांच्या व्हिसा विभागाकडे लेखी तक्रार करायची. जर्मनीत पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती करता यायची, ती सोय त्यांनी १ जुलै २०२५ पासून सगळीकडे बंद केली, आता नवा अर्ज किंवा थेट कोर्ट. ब्रिटनच्या टुरिस्ट व्हिसाला नेहमीच्या केसमध्ये अपील नाहीच.

माझं मत विचाराल तर अपील तेव्हा करावं जेव्हा तुमची फाईल बरोबर होती आणि तिकडून वाचण्यात चूक झाली. म्हणजे इन्शुरन्स जोडलेला असताना इन्शुरन्स नाही म्हणून फुली मारली, असं काहीतरी. तुमच्या केसमध्ये रात्री जुळत नव्हत्या आणि हॉटेलं रद्द होती, मग अपिलात काय लिहिणार? तिथे अडकून महिने जातील. नवा, स्वच्छ अर्ज करा, आणि स्वित्झर्लंडलाच जास्त राहायचं असेल तर तो स्वित्झर्लंडकडे करा. हे देश बदलून नशीब आजमावणं नाही, नियमाप्रमाणे तोच तुमचा देश आहे. अपॉइंटमेंट उशिरा मिळाली तर प्रवास पुढे ढकला. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज घेतात, निर्णयाला साधारण १५ दिवस आणि तपासणी वाढली तर ४५ पर्यंत, तेव्हा हातात वेळ ठेवा. आणि व्हीएफएससारख्या सेंटरवरच्या माणसांना 'मिळेल का हो' असं विचारण्यात अर्थ नाही, ते कागद आणि ठसे घेतात, ठरवतो तो दूतावास.

नकाशाघडी:
पैशांचं मी लिहितो. आई-वडील, सासू-सासरे यांनी खर्च करणं यात काहीही गैर नाही. गैर दिसतं ते असं की खात्यात महिनोन् महिने थोडीथोडी रक्कम येते-जाते आणि मग अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम, तिचा कुठे उल्लेख नाही. बघणाऱ्याला वाटतं उसने आणून ठेवलेत, व्हिसा मिळाला की परत जातील. शेवटच्या आकड्यापेक्षा ते पैसे कुठून आले आणि नेहमीची आवक किती हे जास्त बघतात. तेव्हा एक तर ती रक्कम परत करा आणि नवऱ्याच्या पगारावर दोघांचा खर्च दाखवा, खर्च तो करतोय असं त्याचं पत्र आणि लग्नाचा दाखला जोडा. नाहीतर सासरे स्पॉन्सर म्हणून उघडपणे दाखवा, त्यांचं पत्र आणि त्यांचं स्वतःचं स्टेटमेंट लावून. मला पहिला पर्याय सरळ वाटतो, जितके कमी धागे तितकं वाचणाऱ्याला सोपं.

आणि तुमचं फ्रीलान्स काम! तुम्ही ते 'पगाराची स्लिप नाही' असं कमीपणा घेतल्यासारखं लिहिलंय, तसं करू नका. परत येण्याची शंका ज्यावरून मिटते त्यात नोकरी-व्यवसाय, घरदार, कुटुंब, नियमित उत्पन्न हे सगळं धरतात, व्हिसा कोडच्या परिशिष्टातच तशी यादी आहे. तुमच्या क्लायंटची चालू कामाची करारपत्रं, पाठवलेली बिलं आणि त्यातलंच पेमेंट बँकेत आलेलं, अशी जोडी लावून दाखवा. टॅक्स रिटर्न तुमच्या नावाचं असेल तर तेही. प्रवासानंतरच्या तारखेचं एखादं काम हातात असेल तर तो करार सगळ्यात वर ठेवा. कारण त्या कागदावरून सरळ दिसतं की या बाईला अमुक तारखेला परत येऊन काम द्यायचंय.

दूरदेशी:
+१, आणि कव्हरिंग लेटर स्वतः लिहा, एका पानाचं. एजंटचं छापील नको. सुरुवातीलाच लिहा की अमुक तारखेला फ्रान्सने नाकारला, ही दोन कारणं होती, त्यानंतर आम्ही प्लॅन आणि बुकिंग स्वतः केलंय, स्वित्झर्लंड मुख्य ठिकाण असल्याने तुमच्याकडे अर्ज करतोय, आणि परत येण्याबद्दलचे कागद अमुक क्रमांकावर जोडलेत. रडगाणं नको, आधीच्या दूतावासाबद्दल तक्रार नको. त्यांना तसंही दिसणारच आहे, मग तुमच्या शब्दांत आधी वाचलेलं बरं. आणि फाईलमधल्या कागदांची संख्या वाढवू नका, चाळीस कागद कोंबण्यापेक्षा ज्या दोन शंका आल्यात त्यांचीच उत्तरं वर दिसू देत.

कोणी कॅनडावालं हे वाचत असेल तर तिकडे अधिकाऱ्याने फाईलवर लिहिलेल्या नोंदी माहिती अधिकारासारख्या अर्जाने मागवता येतात, जीसीएमएस नोट्स म्हणतात त्याला. नकाराच्या पत्रापेक्षा त्यात बरंच स्पष्ट असतं. त्या वाचल्याशिवाय दुसरा अर्ज करू नका.

पाऊलवाट:
काय बोलू, इतकं नीट तर पैसे घेऊन पण कोणी सांगितलं नव्हतं. काल दोघं टेबलावर सगळे कागद पसरून बसलो. ठरलं असं, स्वित्झर्लंडकडेच अर्ज, ॲमस्टरडॅम काढून टाकतोय कारण ते तसंही एजंटच्या पॅकेजमधलं होतं, आम्हाला डोंगरच बघायचे होते. पॅरिसला जाताना थोडं थांबू. हॉटेलं स्वतः बुक करणार आणि निर्णय येईपर्यंत हात लावणार नाही. सासऱ्यांचे पैसे परत पाठवले. माझ्या एका क्लायंटशी बोलले, प्रवासानंतर सुरू होणाऱ्या कामाचं पत्र ते द्यायला तयार आहेत.

शेवटचा प्रश्न, आधीचा ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे तो चालेल का? आणि ठसे परत द्यावे लागतील?

उंबरठा:
तारखा बदलणार म्हणजे इन्शुरन्सच्याही बदलायला हव्यात. कंपनीला फोन करा, व्हिसा नाकारल्याचा कागद दाखवला तर बऱ्याच कंपन्या तारीख पुढे ढकलतात किंवा पैसे परत देतात, पॉलिसीत बघा. कव्हर किमान ३०,००० युरो, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं आणि पूर्ण मुक्कामाचं हवं. उतरण्याचा आणि परत निघण्याचा दिवस दोन्ही त्यात आलेत ना ते तपासा.

ठसे आत्ताच दिलेत त्यामुळे फॉर्मवर पूर्वी ठसे दिलेत का याला हो लिहून तारीख टाका, ५९ महिन्यांच्या आत ते तेच वापरतात. तरी बोलावलं तर जा, शंका आली तर परत घेऊ शकतात.